फुप्फुसाला पडलेला पीळ : धुळे १८१९ ते जळगाव आज

या प्रवासातले रुग्ण कल्पनेतले आहेत. सन, साधनं आणि आजार मात्र खरे. आजार फार विरळा : फुप्फुसाचा एखादा खंड स्वतःच्या देठाभोवती फिरतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. खानदेशात तो वेगवेगळ्या काळात कुणाला झाला असता तर त्याचं काय झालं असतं, हे पाहायला तुम्ही निघाला आहात.

धुळे, १८१९

पेशवाई जाऊन एकच वर्ष झालं आहे. तुम्ही पांझरेच्या काठी उभे आहात. खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळं मुख्य ठाणं म्हणून निवडलं आहे. कचेऱ्यांसाठी जागा मोजल्या जात आहेत, नव्या पेठेचे रस्ते आखले जात आहेत. दगड आणि लाकूड भरलेल्या बैलगाड्यांची दिवसभर ये-जा चालू असते.

त्यातल्या एका गाडीखाली आठ वर्षांचा मुलगा सापडला. चाक छातीच्या खालच्या भागावरून गेलं. आता तो घरात बाजेवर पडला आहे आणि तुम्ही त्याच्या उशाशी बसलेले मामा आहात. कातडीवर चाकाचा निळा वळ आहे, पण बरगडी एकही मोडलेली नाही. लहान मुलाच्या बरगड्या लवचीक असतात, दाबल्या की वाकतात आणि पुन्हा वर येतात. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, श्वास तोकडा झाला, खोकल्याबरोबर रक्त आलं. "माय, छाती दुखी ऱ्हायनी," एवढंच तो म्हणतो. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, हळदीचा लेप लावला, काढा दिला. जे त्यांच्या हाती होतं ते सगळं त्यांनी मनापासून केलं.

तुम्हाला मात्र या प्रवासात एक सवलत आहे. तुम्ही त्या छातीच्या आत पाहू शकता.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. खंडांच्या मधे फटी असतात. प्रत्येक खंड आपापल्या देठावर असतो, आणि त्या देठात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात : हवा नेणारी श्वासनलिकेची फांदी, रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा. एरवी खंड फिरत नाही. शेजारचे खंड त्याला दाबून धरतात. छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामधे मोकळी जागाच नसते, आणि सर्वांत खालच्या खंडाला तर एक पातळ पडदा मधल्या भागाशी बांधून ठेवतो. पण फटी अगदी देठापर्यंत खोल असतील आणि छातीत हवा, पाणी किंवा रिकामी जागा झाली असेल, तर खंडाला फिरायला वाव मिळतो. झोळीत बाळ असताना झोळी गरकन फिरली की वरच्या दोरांना जसा पीळ बसतो, तसा तो देठाला बसतो. बहुतेक वेळा अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश.

या मुलाच्या छातीत तेच झालं. चाकाच्या दाबाने खालचा खंड पिळवटून वर सरकला आणि दाब सुटल्यावर जागेवर आला नाही. देठाला पीळ पडला की शिरा आधी मिटतात, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. धमनी जाड, तिच्यातून रक्त येतच राहतं. आत येणारं रक्त बाहेर पडत नाही, त्यामुळे खंड फुगतो, काळानिळा होतो. मग धमनीही कोंडते, श्वासनळीही मिटते, आणि मांस मरू लागतं.

याच १८१९ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरचं छातीतले आवाज ऐकण्यावरचं मोठं पुस्तक छापून आलं आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने कागदाची गुंडाळी करून पहिल्यांदा छाती ऐकली होती, त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मला. ते यंत्र पांझरेकाठी आलं असतं तरी त्या बाजूला श्वास ऐकू येत नाही एवढंच कळलं असतं. का येत नाही, हे नाही. मुलगा चौथ्या दिवशी गेला. गावाने त्याला छातीचा मार म्हटलं, आणि त्या काळाला याहून अधिक काही म्हणता येणं शक्यच नव्हतं.

जळगाव, १९०६

तुम्ही स्टेशनाबाहेर उभे आहात. खानदेश जिल्ह्याचे याच वर्षी दोन भाग झाले आहेत : पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशाचं धुळे. कापसाच्या गाठी रेल्वेत चढत आहेत.

वैद्यकशास्त्र या मधल्या काळात खूप पुढे गेलं आहे. भूल आली, जंतूंची ओळख पटली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले, त्यालाही अकरा वर्षं झाली. हात, पाय, पोट यांची ऑपरेशनं जगात होऊ लागली आहेत. छातीपाशी मात्र सर्जनचा हात थांबतो.

कारण साधं आहे. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि त्या बाजूचं फुप्फुस आक्रसून बसतं. रुग्ण टेबलावरच गुदमरतो. दोन वर्षांपूर्वी, १९०४ मध्ये, फर्डिनांड झाउअरब्रुख या सर्जनने यावर अवघड तोडगा काढला : एक बंद खोली, तिच्यातली हवा थोडी विरळ केलेली. रुग्णाचं धड आणि सर्जन खोलीत, रुग्णाचं डोकं खोलीबाहेर. फुप्फुस उघड्या छातीतही फुगलेलं राहिलं. जळगावच्या दवाखान्यात अशी खोली असणं शक्य नव्हतं, आणि पुढच्या काळात जगालाही ती लागली नाही. श्वासनळीत नळी घालून, बाहेरून हवा देऊन फुप्फुस फुगवत ठेवणं हा सोपा मार्ग पुढे रूढ झाला. पण १९०६ च्या जळगावात तुमच्यासमोर तो आठ वर्षांचा मुलगा पुन्हा आणला, तरी त्याची छाती कुणी उघडणार नाही. म्हणून इथे थांबण्यात अर्थ नाही.

धुळे, १९३२

रविवार आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आहेत आणि साने गुरुजी ते शब्द लिहून घेत आहेत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय. तुम्ही तुरुंगाबाहेर आहात, गावात, आणि तुमच्या घरात क्षयाचा रुग्ण आहे.

या काळात क्षयाला औषध नाही. चांगली हवा, विश्रांती, दूध-अंडी, आणि ज्यांना जमेल त्यांनी मिरजेजवळचं वानलेसवाडीचं आरोग्यधाम गाठायचं. डॉक्टर काही रुग्णांच्या छातीत सुईने मुद्दाम हवा भरतात, आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून. फुप्फुसाचा सडलेला भाग कापून काढण्याची कल्पना आहे, पण ती जिवावरची मानली जाते.

पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९३३ रोजी, अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे इव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जनने कर्करोग झालेल्या एका डॉक्टरचं अख्खं डावं फुप्फुस एकाच बैठकीत काढलं आणि रुग्ण वाचला. तो पुढे तीस वर्षं जगला, खुद्द ग्रॅहमच्याही मागे. त्या ऑपरेशनमधली एक गोष्ट तुमच्या प्रवासासाठी महत्त्वाची आहे. फुप्फुस काढल्यावर छातीत जी पोकळी राहते तिची ग्रॅहमला चिंता होती, म्हणून त्याने त्या बाजूच्या काही बरगड्याही काढल्या, भिंत आत बसावी आणि पोकळी भरावी म्हणून.

हे लक्षात ठेवा : छातीत मोकळी जागा करणं ही छातीच्या शस्त्रक्रियेची अटळ बाजू आहे. खंडाला फिरायला हवी असते ती नेमकी हीच जागा. १८१९ मध्ये हा आजार गाडीच्या चाकाने झाला. यापुढे तो बहुतेक वेळा उपचारांच्या मागोमाग येईल.

जळगाव ते मुंबई, १९६८

रात्रीची गाडी. तुम्ही वडिलांना घेऊन मुंबईला निघाला आहात. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागून आलेल्या गोळ्यांनी क्षय बरा होऊ लागला आहे, पण वडिलांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड पोखरून गेला आहे आणि खोकल्यातून रक्त पडतं. तो खंड काढायचा आहे. क्षयाला वरचे खंड आवडतात, त्यामुळे खानदेशातून, विदर्भातून, कोकणातून अशा छात्या घेऊन माणसं मुंबईला येतात.

मुंबईतल्या छातीच्या शस्त्रक्रियेला या वर्षी मोठा मान मिळाला आहे. फेब्रुवारीत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात बसवलं. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ते जगात पहिल्यांदा केल्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण वाचला नाही, पण इथल्या सर्जनची पोच कुठवर गेली आहे ते जगाला दिसलं.

वडिलांचं ऑपरेशन शहरातल्या एका रुग्णालयात नीट पार पडतं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत उजवीकडे मधोमध पांढरा डाग दिसतो. ऑपरेशननंतर असे डाग नेहमी दिसतात : कफ अडकतो, न्यूमोनिया होतो. पेनिसिलिन चालू होतं. आत नेमकं काय आहे हे पाहायला डॉक्टरांकडे एक्स-रे आहे आणि कडक धातूची दुर्बीण आहे, जी भूल दिल्याशिवाय घालणं कठीण. वाकणारी, बारीक, काचतंतूंची दुर्बीण जपानमध्ये शिगेतो इकेदा यांनी नुकतीच तयार केली आहे. ती इथे यायला वेळ आहे. सीटी स्कॅन तर अजून जन्मलाच नाही. पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन लंडनला १९७१ मध्ये होईल.

अशा वेळी पिळाची शंका येणं म्हणजे निष्णात डॉक्टरचं काम. अनेकदा तो कळतो तो दुसऱ्यांदा छाती उघडल्यावर, किंवा तोपर्यंत उशीर झाल्यावर.

जळगाव, आज

डिसेंबरची रात्र. शहरातल्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. बाहेर बाकावर नातेवाइकांनी डबा उघडला आहे : कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. या वेळी तुम्ही नातेवाईक नाही. तुम्ही रात्रपाळीचे डॉक्टर आहात.

रुग्ण पारोळ्याकडचे शेतकरी, वय पंचावन्न. फार वर्षांपूर्वी टीबी झाला, औषधांनी बरा झाला, पण उजव्या वरच्या खंडात पोकळी राहिली आणि तिच्यात बुरशीचा गोळा वाढला. रक्ताच्या गुळण्या येऊ लागल्या म्हणून परवा तो खंड काढला. पहिला दिवस बरा गेला. आता ताप १०१ आहे, नाडी जलद, ऑक्सिजनचा आकडा घसरतो आहे, थुंकीत लालसर पाणी. सकाळच्या एक्स-रेत मधे पांढरा पट्टा होता. रात्री पुन्हा काढलेला एक्स-रे आत्ता तुमच्यासमोरच्या पडद्यावर आहे.

हात आपोआप नेहमीची ओळ लिहायला सरसावतो : कफ अडकून फुप्फुस बसलं, अँटिबायोटिक बदला, फिजिओथेरपी वाढवा. थांबा. दोन्ही फिल्म शेजारी लावून पाहा. कफ अडकून बसलेला खंड आक्रसतो. हवा निघून गेल्यामुळे तो लहान होतो, शेजारच्या फटीला आपल्याकडे ओढतो. इथे उलटं आहे. पांढरा भाग सकाळपेक्षा मोठा आहे, त्याची कड बाहेर फुगली आहे. आणि न्यूमोनिया इतक्या कमी तासांत इतका वाढत नाही. आत काहीतरी भरत चाललं आहे आणि बाहेर पडत नाही.

वरचा खंड गेल्यावर उजवीकडे दोनच खंड उरतात. खालचा बांधलेला असतो. मधला सगळ्यांत लहान, त्याचा देठ अरुंद, आणि वर आता मोकळी जागा. फुप्फुसाचा भाग काढलेल्या रुग्णांत पीळ हजारात एक ते चारांना पडतो असं वैद्यकीय साहित्य सांगतं, आणि त्यातला बहुतांश वाटा या एकाच जागेचा : उजवा वरचा खंड काढल्यानंतर मधला खंड. तुम्ही फोन उचलता.

"सर, परवाच्या पेशंटचा मधला खंड फुगतोय. सकाळपेक्षा मोठा दिसतोय. पीळ तर नसेल?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग : "क्रिएटिनिन बघ आणि कॉन्ट्रास्ट देऊन सीटी कर. ओटीला सांगून ठेव. मी निघालो."

सीटीच्या पडद्यावर तुम्ही धमनीमागून बोट नेता. औषधाने उजळलेली रक्तवाहिनी खालच्या खंडात फांद्या फुटत जाते. मधल्या खंडाकडे जाणारी मात्र देठापाशी निमुळती होत संपते. तिच्या शेजारची श्वासनळीही तशीच निमुळती होऊन मिटते. पलीकडचा खंड उजळतच नाही, त्यात ताजं रक्त पोचत नाही. सर्जन वाकणारी दुर्बीण घालतात : मधल्या खंडाच्या नळीचं गोल तोंड राहिलेलं नाही, लालबुंद सुजलेली चपटी फट आहे, आणि तिच्या कडा एका बाजूला वळलेल्या आहेत. आता शंका राहत नाही.

बाहेर मुलगा विचारतो, "डॉक्टरसाहेब, परवाच तर छाती उघडली. आता परत?"

"हो दादा, परत," सर्जन सांगतात. "आतला एक भाग फिरलाय, त्याचं रक्त थांबलंय. सकाळपर्यंत थांबलो तर तो सडेल आणि विष अंगभर जाईल."

रुग्णाचे थोरले भाऊ काठी टेकून उभे राहतात. "वाचंल ना पण?"

"आबा, आत्ता घेतलं तर आशा चांगली आहे. म्हणून तर रात्री उठवलं तुम्हाला." आबा मुलाच्या पाठीवर हात ठेवतात. सही होते.

ऑपरेशन थिएटर. भूलतज्ज्ञांनी दोन कप्प्यांची नळी घातली आहे, म्हणजे डाव्या फुप्फुसाला हवा मिळत राहील, उजवं शांत ठेवता येईल आणि उजवीकडची घाण डावीकडे वाहून जाणार नाही. परवाचे टाके सुटतात. आत गडद रंगाचं पाणी. ते ओढून घेतल्यावर मधला खंड दिसतो : जांभळा-काळा, ताणलेला, बोटाने दाबला तर न दबणारा. सर्जन बोट मागे नेऊन देठ चाचपतात. पीळ हाताला लागतो, अर्धा फेरा.

पाहणाऱ्याला वाटतं, आधी तो सरळ करावा. सर्जन तसं करत नाहीत, आणि त्याला ठोस कारण आहे. मिटलेल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या साचलेल्या असतात. फुप्फुसातून येणाऱ्या शिरा थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात उघडतात, आणि तिथून निघालेलं रक्त मेंदूकडेही जातं. पीळ सोडवताच एखादी गुठळी सुटली तर रुग्ण भुलेतून उठेल तो अर्धांगासह. म्हणून आधी शिरेवर चिमटा, श्वासनळीवर चिमटा, मगच पुढचं. खंड लवकर सापडला असेल, रंग अजून पालटू शकत असेल, तर सरळ करून काही मिनिटं वाट पाहतात, गुलाबी झाला तर टाके घालून शेजारच्या खंडाला बसवतात. हा खंड मेला आहे. कड काळी, स्पर्श थंड. तो काढायचा निर्णय सर्जन बोलून दाखवतात, भूलतज्ज्ञ मान हलवतात. शीर, धमनी, मग श्वासनळी, एकेक बांधून तोडली जाते. उरलेला खालचा खंड फुगवून पाहतात. छातीत कोमट सलाइन ओतून बुडबुडे येतात का पाहतात. येत नाहीत. दोन नळ्या ठेवून छाती बंद होते. पहाटे ऑक्सिजनचा आकडा वर येऊ लागतो.

जळगाव, दोन दिवस आधी

आता शेवटचा प्रवास करा, सर्वांत छोटा. दोनशे वर्षं नाही, फक्त दोन दिवस मागे.

हेच थिएटर, पहिलं ऑपरेशन. वरचा खंड नुकताच निघाला आहे, छाती बंद करायची आहे. सर्जन मधला खंड हातात धरून पाहतात. त्याची आणि खालच्या खंडाची फट देठापर्यंत मोकळी आहे. म्हणजे हा फिरू शकतो. अशा वेळी भूलतज्ज्ञांना फुप्फुस हळू फुगवायला सांगायचं असतं आणि खंड ज्या बाजूने उघडतो ती बाजू पाहत राहायचं असतं, कारण गडबडीत तो उलटा फिरूनच फुगला असेल तर इथेच कळतं. मग मधल्या खंडाची कड खालच्या खंडाला दोन-तीन टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडायची. काही मिनिटांचं काम. अनेक सर्जन ते नेमाने करतात. ते इथे झालं असतं तर ती डिसेंबरची रात्र बहुधा आलीच नसती, मुलाला दुसऱ्यांदा सही करावी लागली नसती, आणि शेतकऱ्याचा एक खंड वाचला असता.

१८१९ च्या मामाजवळ पाहायला डोळे होते, आत पाहायचं साधन नव्हतं. १९०६ मध्ये छाती उघडता येत नव्हती. १९६८ मध्ये उघडता येत होती, पण आधी नीट दिसत नव्हतं. आज धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून तेही आहे, सीटी आहे, वाकणारी दुर्बीण आहे, दोन कप्प्यांची नळी आहे. आता कमतरता पडू शकते ती फक्त विचारणाऱ्याची. सीटी तेव्हाच निघतो जेव्हा कुणीतरी तो मागवतो, आणि मागवतो तो ज्याला हा आजार माहीत आहे. खानदेशातल्या बऱ्याच डॉक्टरांना अख्ख्या कारकिर्दीत हा रुग्ण भेटणार नाही. तरीही त्यांना तो ठाऊक असायला हवा, कारण भेटलाच तर हाती काही तासच असतात.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या असाव्यात. ऑपरेशनच्या नोंदीत, फट मोकळी असेल तर खंड बसवला की नाही, ही एक ओळ. आणि ऑपरेशननंतर पांढरा झालेला खंड लहान होण्याऐवजी मोठा होत असेल, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, एक फोन.